२५,००० तासांचा चिरंजीव

एलईडी दिव्याला दोन आयुष्ये असतात: एक खोक्यावर छापलेले आणि दुसरे होल्डरमध्ये काढायचे. छापील आयुष्य बहुधा २५,००० तासांचे असते. रोज पाच तास लावला तर असा दिवा साडेतेरा वर्षांहून जास्त चालावा, म्हणजे बालवाडीत जाणाऱ्या मुलाच्या खोलीत लावलेला दिवा त्याच्या कॉलेजप्रवेशापर्यंत पुरावा. त्याच खोक्याच्या दुसऱ्या बाजूला एक-दोन वर्षांची वॉरंटी छापलेली असते. कंपनीचा आपल्या मालावर कितपत विश्वास आहे, हे ही दुसरी बाजू सांगते.

२५,००० तास दिवा अखंड जळत ठेवायचा तर जवळजवळ तीन वर्षे लागतात, आणि तोवर ते मॉडेलच बाजारातून गेलेले असते. म्हणून प्रकाश देणाऱ्या चिपची चाचणी ६,००० तास किंवा थोडी अधिक घेतात आणि पुढचे भविष्य गणिताने काढतात. या गणिताचे मान्य नियम आहेत. पुरेसे नमुने तपासले असतील तर चाचणीच्या सहापट काळापर्यंतचे भाकीत ते करू देतात. चिपचे आयुष्य संपले असे कधी म्हणायचे, हेही ठरलेले आहे: प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर आला की. घरातल्या दिव्याला मात्र इतक्या शिस्तीने म्हातारे होणे जमत नाही. तो एका संध्याकाळी लुकलुकतो आणि जातो. परीक्षा चिपने दिलेली असते, प्रमाणपत्र सबंध दिवा मिरवतो. स्थळाच्या बायोडेटात मुलाऐवजी त्याच्या मामाचा पगार लिहावा, तसा हा प्रकार.

दिव्याच्या पोटात चिपखेरीज ड्रायव्हर नावाचे एक सर्किट असते. घरातल्या २३० व्होल्टच्या उलटसुलट प्रवाहाला सरळ वळण लावून चिपला सोसेल इतकाच प्रवाह देणे, हे त्याचे काम. त्यात बहुधा एक इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर असतो आणि त्याच्या आत द्रव असतो. उष्णतेने हा द्रव हळूहळू आटतो. तापमान दर १० अंशांनी वाढले की कॅपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ हिशेब अभियंते धरतात. चिपाही एकमेकींना एका माळेत जोडलेल्या असतात. त्यांतली एक तुटली की बाकीच्या धडधाकट असूनही अंधार.

तेव्हा खरा प्रश्न उष्णतेचा. जुना तारेचा बल्ब प्रचंड तापे, पण ती उष्णता तो किरणांच्या रूपाने खोलीत फेकून मोकळा होई. एलईडीला ती सोय नाही. खाल्लेल्या विजेतला निम्म्याहून अधिक भाग उष्णता होतो आणि तो पाठीमागच्या धातूतूनच बाहेर काढावा लागतो. सुरुवातीच्या दिव्यांना त्यासाठी पंखांसारख्या घड्यांचे जाड, जडशीळ अॅल्युमिनियम असे. ते पुढे पातळ होत गेले आणि वर प्लॅस्टिक चढले. दिवा उलटा टांगलेला असेल, तर तापलेली हवा वर चढून नेमकी ड्रायव्हरला शेकते. दिवाणखान्याची शोभा म्हणून त्यावर काचेचा बंद गोळा बसवला, की सोहळा पूर्ण. दिव्याची मोजमापे २५ अंशांच्या खोलीत घेतलेली असतात. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्याला हे कोणी कळवलेले नसते.

अॅल्युमिनियम कुठे गेले, याचे उत्तर भावात आहे. २०१५ साली सुरू झालेल्या, स्वस्त एलईडी दिव्यांच्या उजाला योजनेसाठी सरकारी खरेदीचा भाव दिव्यामागे ३१० रुपयांवरून काही वर्षांत ४० रुपयांच्या खाली उतरला. स्वस्त झालेल्या चिपा आणि कोट्यवधींची मागणी ही त्याची प्रामाणिक कारणे, आणि त्या योजनेत तीन वर्षांची हमीही होती. पण खुल्या बाजारात त्या भावाशी टक्कर द्यायची म्हणजे कुठेतरी कात्री लागणारच. मग विजेचा झटका अंगावर घेणारा सुटा भाग गळतो, कॅपॅसिटर हलक्या प्रतीचा येतो आणि थोड्या चिपांतून जास्त प्रवाह रेटला जातो. गेलेली वीज परत येताना दाबाची उसळी येते. पंप, फ्रिज चालू-बंद होताना झटके बसतात. सैल होल्डरमधल्या ठिणग्या वेगळ्याच.

कंपन्यांचा हा कट आहे, अशी शंका घेणाऱ्यांच्या बाजूने इतिहास आहे. १९२४ साली ओस्राम, फिलिप्स आदी कंपन्यांनी जिनिव्हात फीबस नावाचा संघ काढून तारेच्या बल्बचे आयुष्य १,००० तासांवर आणायचे ठरवले होते. ज्याचा बल्ब फार टिके त्याला दंड होई. आता एवढ्या खटाटोपाचे कारण उरलेले नाही; ग्राहक स्वतःच सर्वांत स्वस्त दिवा मागतो.

टिकाऊ दिवा करता येतो, हेही सिद्ध झालेले आहे. फिलिप्सने २०१६ साली दुबईच्या नगरपालिकेबरोबर एक दिवा काढला. त्यात चिपा जास्त आणि प्रत्येकीतून वाहणारा प्रवाह कमी ठेवला. दिवा थंड राहिला आणि दर वॅटला २०० लुमेन प्रकाश मिळाला. हा दिवा सुरुवातीला फक्त दुबईतच विकला गेला.

इतरांसाठी वॉरंटी आहे. ती मागायला बिल लागते, दुकान तेच लागते आणि काही ठिकाणी खोकेही लागते. हे सगळे जुळून आले तर बदलून नवा दिवा मिळतो आणि त्याच बंद गोळ्यात बसवला जातो. त्याच्याही खोक्यावर २५,००० तास लिहिलेले असतात.