स्मृतीचा धडा, तोंडपाठ

कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्राच्या तासाला स्मृती शिकवायला घेतली की पहिला प्रश्न ठरलेला : "सर, हे किती मार्कांना?"

हर्मन एबिंगहाउस या जर्मन गृहस्थाने निरर्थक अक्षरजुळण्या घोकून, आपण त्या किती वेगाने विसरतो ते मोजलं आणि १८८५ मध्ये छापलं. घोकलेलं बरंचसं पहिल्या काही तासांतच गळतं, हा त्याचा निष्कर्ष. आमची मुलं तो रात्री घोकतात, सकाळी पेपरात उतरवतात आणि संध्याकाळपर्यंत विसरून सिद्धही करून दाखवतात. बिचाऱ्या एबिंगहाउसकडे प्रयोगाला एकच माणूस होता, तो स्वतः. आमच्याकडे वर्गच्या वर्ग आहेत, तेही फी भरून!

पुढे १९७२ मध्ये क्रेक आणि लॉकहार्ट यांनी मांडलं, की अर्थ समजून घेतलेलं जास्त टिकतं. गाइडमध्ये हे वाक्य चौकटीत आहे. शेजारी पेन्सिलीने लिहिलंय : जसंच्या तसं लिहिणे.

स्मृतीनंतरच्या धड्यांपैकी भाषेचा भाग सरांनी वाचून दाखवला. विचारप्रक्रिया मुलांनी ऑप्शनला टाकली.