डबा रिकामा देऊ नये

आईचं घर आवरायला आम्ही दोन शनिवार-रविवार धरले होते. पहिल्या शनिवारी संध्याकाळी हिशेब केला, तेव्हा घरातली एकच गोष्ट पुरती निकालात निघाली होती. ती म्हणजे ताईने येताना आणलेली वेफर्सची पिशवी.

कोथरूडची आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. आईला जाऊन आठ महिने झाले होते, वडिलांना तेरा वर्षं. किल्ली द्यायची तारीख बिल्डरने कागदावर घालून दिली होती. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि माळा. खोल्यांचे चौरस फूट करारात लिहिलेले असतात, माळ्याचे नसतात. ते बरोबरच आहे, कारण माळा मोजता येत नाही. एक खोकं खाली काढलं की मागे दोन दिसतात.

माझ्या मुलाने काम पद्धतशीर सुरू केलं. तीन रंगांचे चिकटकागद आणले. हिरवा म्हणजे ठेवायचं, पिवळा म्हणजे द्यायचं, लाल म्हणजे टाकायचं. दुपारी चारच्या सुमारास लक्षात आलं, की बहुतेक वस्तूंना कुठलाच कागद लागलेला नाही. भिंतीकडेने सरकत सरकत त्या एका चौथ्या ढिगात जमा झाल्या होत्या. त्या ढिगाला नाव आपोआप पडलं : ‘बघू’.

धाकटा भाऊ न्यू जर्सीहून व्हिडिओवर हजर होता. फोन खुर्चीच्या पाठीला टेकवून ठेवलेला, त्यामुळे त्याला अर्धी खोली आणि माझे गुडघे एवढंच दिसत होतं. तरी त्याचं लक्ष बरोबर होतं.

“दादा, तो बंब टाकू नका हं.”

“तू नेतोस?”

“मी कसा नेणार? पण टाकू नका.”

वस्तूवरची माया अंतराप्रमाणे वाढते, हे मला त्या दिवशी कळलं. न्यू जर्सीला सगळं हवं होतं. नागपूरच्या ताईला निम्मं हवं होतं. आणि पाच मिनिटांच्या अंतरावर राहणाऱ्या माझ्या बायकोला काहीही नको होतं. ती वाईट नाही. आमचा माळा तिने पाहिलेला आहे, इतकंच.

आईने काय काय ठेवलं होतं, ते प्रत्येकाने आपापल्या आईच्या घरी पाहिलेलंच असतं. धुऊन, वाळवून, चौकोनी घड्या घातलेल्या दुधाच्या पिशव्या. श्रीखंडाचे डबे, ज्यांत श्रीखंड सोडून सगळं होतं. एकतीस किल्ल्या आणि दोन कुलपं, आणि त्या दोन कुलपांना एकतीसांपैकी एकही लागेना. पाव्हण्यांसाठी राखून ठेवलेला कपबश्यांचा सेट, जो कुठल्याच पाव्हण्याच्या योग्यतेचा ठरला नव्हता.

हळदीच्या डब्यात एक पुरचुंडी निघाली. आत पाचशेच्या जुन्या नोटा, पिवळ्याधमक. २०१६ च्या नोव्हेंबरात आम्ही तिला तीनदा विचारलं होतं, “आई, कुठे काही ठेवलंयस का?” तिने तीनदा नाही म्हटलं होतं. मुलाने लगेच फोनवर शोधलं, की २०१७ च्या कायद्याप्रमाणे अशा रद्द नोटा माणसाला दहापर्यंत जवळ ठेवता येतात. आईच्या नऊ निघाल्या. बुडाली, पण कायद्यात राहून बुडाली.

कॅलेंडरांनी मात्र आमचा रविवार खाल्ला. ‘कालनिर्णय’ १९७३ साली सुरू झालं. आम्ही कोथरूडला आलो १९७८ मध्ये. तिथपासूनची एकूण एक वर्षं सुतळीने बांधून ठेवलेली. आईने रोजनिशी कधी लिहिली नाही. तिला लिहायला तारखेची चौकट पुरत असे. ‘सिलिंडर लावला.’ ‘कामवाली नाही.’ ‘धाकट्याला दात.’ वडील गेले त्या दिवसाच्या चौकटीत एवढंच होतं : ‘दूध २ लि. जादा’. घरात माणसं येणार, चहा लागणार. ताईने ते पान माझ्यापुढे धरलं, आणि आम्ही दोघं थोडा वेळ उगाच माळ्याकडे बघत राहिलो.

त्या चौकटींत देणंघेणंही होतं. ‘साखर १ वाटी, खाली दिली.’ ‘पुरणयंत्र समोरून आणलं.’ वस्तू परत आली-गेली की त्यावर आडवी रेघ. रेघा इतक्या नेमाने मारलेल्या, की एखाद्या बँकेने शिकवणी लावावी.

मग भांडी. आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव आहे. नावं घालण्याची रीत सगळीकडे होती, दुकानात भांडं घेतलं की “नाव काय घालायचं?” हा प्रश्न पैशांच्या आधी यायचा. पण आमच्याकडे वाटीवर नाव, पळीवर नाव, पुरणाच्या चाळणीच्या कडेवर नाव. सांडशीवर नाव घालून मागणारी बाई त्या दुकानदाराने पहिल्यांदाच पाहिली असणार.

याचं मूळ पानशेतमध्ये आहे. आई-वडिलांचं लग्न १९६१ च्या मे महिन्यातलं. बिऱ्हाड नारायण पेठेत, नदीच्या अंगाला. बारा जुलैला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं. आई अंगावरच्या लुगड्यानिशी घराबाहेर पडली. पाणी ओसरल्यावर परत आली तेव्हा घरात गुडघाभर चिखल होता, आणि तिच्या दोन महिन्यांच्या संसारातली भांडी गल्लीभर पसरलेली होती. ती, शेजारच्यांची, आणि कोण जाणे कुठल्या पेठेतून वाहत आलेली. गल्लीने सगळी उपसून एका ओट्यावर मांडली. ज्यांवर नाव होतं ती ज्याची त्याला गेली. बिननावाच्या एका परातीवर तीन बायकांनी हक्क सांगितला, आणि त्यांतल्या दोघी पुढे दहा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. आईची लग्नातली कळशी परत आली, कारण तिच्यावर मामाचं नाव आणि ‘वैशाख शके १८८३’ असं कोरलेलं होतं.

तेव्हापासून तिचा सिद्धान्त पक्का झाला. भांड्याला नाव हवं. मी एकदा म्हटलंही होतं, “अगं आई, कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर पूर कुठून येणार?”

ती म्हणाली, “पानशेत फुटेल असं तरी कुणाला वाटलं होतं?”

यावर उत्तर नव्हतं. आणि आता बघितलं तर पूर आलाच होता, फक्त तारीख सांगून.

पितळेचं काय करायचं, यावर घरात परिषद भरली. ही भांडी माळ्यावर गेली त्यात त्यांचा दोष नव्हता. स्टील आलं, कल्हईवाला येईनासा झाला. आतून कथलाचा हात फिरलेला नसेल, तर पितळेत आमटी कळकते. न कळकणाऱ्या भांड्यांनी कळकणाऱ्यांना वर पाठवलं, एवढाच इतिहास. त्यांतली कित्येक स्टीलची भांडी आईने वडिलांच्या पँटी बोहारणीला देऊन मिळवली होती. त्यांपैकी एक पँट वडील शोधत होते, हेही आता सांगायला हरकत नाही.

बायको म्हणाली, मोडीत घाला. मोडीच्या दुकानात तराजू असतो, आणि तराजूत नाव येत नाही. मुलगा म्हणाला, थांबा. त्याने फोनवर दाखवलं : हुबेहूब आमच्यासारखं घंगाळ, आत मनीप्लांट, आणि किंमत अशी, की त्यात आईने सबंध रुखवत मांडलं असतं. ताईने केळकर संग्रहालयाचं नाव काढलं.

मी हसलो खरा, पण विचार करायला लागलो. बाजीराव रस्त्यावरचं ते संग्रहालय शाळेपासून पाहिलेलं आहे. दिनकर केळकरांनी आयुष्यभर हिंडून लोकांच्या घरांतून काय गोळा केलं? दिवे, अडकित्ते, दौती, कुंकवाचे करंडे, भांडी. म्हणजे लोकांचा ‘बघू’चा ढीगच. वीस हजारांच्या वर वस्तू झाल्या. आणि या सगळ्याला त्यांनी नाव दिलं ते लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं. म्हणजे पुण्यातलं सगळ्यांत मोठं नाव घातलेलं भांडं तेच. आमच्या आईला हे पटलं असतं. आमची कळशी तिथे देण्यात अर्थ नव्हता, त्यांच्याकडे माळाभर असतील. पण एक कळलं. अडगळ आणि ठेवा यांत फार अंतर नसतं. मधे एक काच असते आणि शेजारी दोन ओळींची चिठ्ठी. आईने चिठ्ठीचा भाग आधीच उरकून ठेवला होता.

शेवटी वाटण्या झाल्या. मोदकपात्र ताईकडे. घंगाळ मुलाकडे, मनीप्लांटसाठी. मामाची कळशी माझ्याकडे. बायको काही बोलली नाही, यातच सगळं आलं. सुती साड्यांच्या दोन गोधड्या शिवायला टाकल्या, उरलेल्या साड्या आईकडे बावीस वर्षं काम करणाऱ्या मावशींनी निवडून नेल्या. दिवाळी अंक रद्दीत गेले. त्यांतली कोडी आईने सोडवलेली असल्यामुळे ते तसेही पुढच्या वाचकाच्या कामाचे नव्हते. बंब मोडीत गेला. न्यू जर्सीला अजून कळवलेलं नाही.

आणि मग खाली राहिली सात भांडी, ज्यांच्यावर आमचं नाव नव्हतं.

दोन वाट्या, एक झाकणी, तीन ताटल्या आणि एक स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा. आईसारख्या रेघा मारणाऱ्या बाईकडे दुसऱ्यांची भांडी? झाकणी, वाट्या, ताटल्यांवरची अक्षरं कुणाची, ते कुणालाच सांगता येईना. डब्यावरची मी ओळखली. ती शिवणकाकूंची. खालच्या मजल्यावर राहायच्या, दिवसभर मशीन चालवायच्या, म्हणून शिवणकाकू. आमचे शाळेचे सगळे शर्ट त्यांच्या हातचे.

ताईने कॅलेंडरांचा गठ्ठा पुन्हा सोडला. १९८५ सालचा अधिक श्रावण. चौकटीत आईचं अक्षर : ‘काकूंचा डबा (अनारसे)’. रेघ नाही.

मग सगळं ध्यानात आलं. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, हा आईचा नियम. पण अनारशांच्या डब्यात साखर कशी घालणार? त्याला तोलाचं काही हवं. काकूंचे अनारसे जाळीदार, खुसखुशीत, खसखशीचा दाणा न् दाणा जागच्या जागी. आईचे अनारसे दर वेळी तुपात हसायचे. नुसते हसायचे नाहीत, कढईभर खिदळायचे. दर अधिक महिन्यात ती पीठ भिजवायची, कढईपुढे बसायची, आणि तासाभराने आम्हाला वाटीतून चमच्याने अनारसे खायला मिळायचे. लाडू घालून डबा देणं म्हणजे हार मानणं. तेव्हा पुढच्या अधिक महिन्यात बघू. असे तेरा-चौदा अधिक महिने गेले.

काकू आता सिंहगड रस्त्याला मुलाकडे असतात. शहाऐंशी वर्षांच्या. मी जायचं ठरवलं. डबा रिकामा न्यायचा प्रश्नच नव्हता. मी मिठाईच्या दुकानाकडे वळणार, इतक्यात ज्या बायकोला त्या घरातलं काहीही नको होतं ती म्हणाली, “विकतचं नेऊ नका. आईंना आवडलं नसतं.” आणि तिने रव्याचे लाडू वळले. हार मानायची ती निदान घरच्या लाडवांनी.

काकूंनी डबा हातात घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला, बोटाने अक्षरं चाचपली.

“अरे, हा माझा डबा! मी सुनेला सांगत्येय कधीची, माझा एक डबा कमी आहे म्हणून. ती म्हणते, तुम्ही विसरलात.”

आत गेल्या. सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात आत काही बोलल्या. बराच वेळ खुडबुड. मग मला अनारशांची गोष्ट विचारली नाही, आईच्या आजाराचं विचारलं. शेवटच्या दिवसांत जेवत होती का, विचारलं. मी निघालो तशा पुन्हा आत गेल्या आणि डबा घेऊन बाहेर आल्या. तोच डबा. लाडू काढून घेतलेले, धुऊन पुसलेला, झाकण घट्ट लावलेलं.

“पातळ पोह्यांचा चिवडा आहे थोडा. घरात सुटी भांडी नाहीत रे आता, सुनेचे सगळे प्लॅस्टिकचे, आणि ते मोजलेले. हाच ने. परत द्यायची घाई नाही. सावकाश आण.”

चाळीस वर्षांनी चुकतं केलेलं देणं मांडीवर घेऊन मी रिक्षात बसलो होतो, आणि ते नव्याने सुरू झालेलं होतं. घरी आल्यावर बायकोने आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“द्यायला गेला होतात ना?”

“दिला.”

चिवडा दोन दिवसांत संपला. उत्तम होता. डबा आमच्या ओट्यावर आहे. त्यात काय घालून द्यायचं ते अजून ठरत नाही. या महिन्याच्या कॅलेंडरच्या चौकटीत बायकोच्या अक्षरात मी परवा वाचलं : ‘काकूंचा डबा’. कधी परत करायचा, असं मी विचारलं.

ती म्हणाली, “बघू.”