विंडोजला वय विचारू नये

सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचे मालक दोन. एक बिल भरणारा, दुसरा शॉप फ्लोअरवरचा विंडोज एक्सपी. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी त्याला निरोप दिला, पण जुन्या मशीनशेजारच्या धुळकट खोक्याला ते कुणी कळवलेलं नाही. “साहेब, चालतंय ना? मग?” शेठजींच्या या प्रश्नाला कुठल्याच मॅन्युअलमध्ये उत्तर नाही.

व्हिज्युअल स्टुडिओ २०१२ आला, तेव्हा नेहमीच्या सेटिंगने कंपाइल केलेली फाइल एक्सपी उघडायलाच तयार नसे. फाइलच्या हेडरमध्ये किमान आवृत्ती ६.० आणि एक्सपी बिचारा ५.१. आतला कोड वाचण्याची तसदी कोण घेतो? (सरकारी खिडकीवरही अर्जाचा मथळाच आधी बघतात.) ओरड झाली, तेव्हा पहिल्या अपडेटमध्ये एक्सपीसाठी वेगळा टूलसेट आला.

बरं, प्रोग्रामने विंडोजलाच आवृत्ती विचारावी, तर तिथेही सगळी लपवाछपवी. विंडोज ७ स्वतःला ६.१ म्हणवते. विंडोज ११ अजून १०.० वरच अडलेली. खरी ओळख बिल्ड क्रमांकात, २२००० पासून पुढे. आणि प्रोग्रामच्या मॅनिफेस्टमध्ये तिचं नाव न घालता ‘गेटव्हर्शनएक्स’ या फंक्शनमार्फत विचारलंत, तर ती बिनदिक्कत ६.२, म्हणजे विंडोज ८, असं सांगते.

शहाणे प्रोग्रामर म्हणून आवृत्ती विचारतच नाहीत. हवं ते फंक्शन हजर आहे का, एवढंच पाहतात. बाकीचे “आमच्याकडे तर चालतंय” असं कळवून कॉलेज रोडला कॉफी प्यायला जातात.