पानगळीतले हाय-कीवाले

ऑक्टोबर लागला की न्यू जर्सीतल्या मराठी घरांमधून एक जमात बाहेर पडते. गळ्यात कॅमेरा, डिकीत ट्रायपॉड आणि भडंगाचा डबा, तोंड व्हरमाँटच्या दिशेला. हे हाय-कीवाले. एरवी माणूस सज्जन, नोकरी आयटीतली, बोलणं बेताचं. झाडांची पानं पिकली की मात्र आवरत नाही.

चार-पाच तास गाडी हाकायची ती रंगांसाठी. वाटेत मुलांना सांगून होतं की पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हरितद्रव्य ओसरलं की तो दिसू लागतो. मेपलचा लालभडक मात्र पानगळीच्या सुमारास नव्याने तयार होतो, त्याला अँथोसायनिन म्हणतात. मुलं हेडफोन चढवतात.

आणि घरी आल्यावर हा गृहस्थ तेच रंग धुऊन काढायला बसतो! हाय-की म्हणजे हेच, फोटो जवळजवळ पांढरा होईपर्यंत उजळायचा.

लाइटरूममध्ये रॉ फाइल उघडली की आधी एक्स्पोजर दीड स्टॉप वर. हिस्टोग्रामचा डोंगर सरकत उजव्या भिंतीला टेकतो. मग नारिंगी-पिवळ्याचा ल्युमिनन्स चढवायचा, सॅच्युरेशन उतरवायचं, क्लॅरिटी उणे करायची. पानं दुधात बुडवल्यासारखी दिसू लागली की कर्व्हचं खालचं टोक किंचित दाबून खोडाचा काळा परत आणायचा. इथे हात थरथरतो, कारण खोड फिकं पडलं तर उरलेल्याला झाड म्हणवत नाही.

“अहो, एवढं लांब जाऊन धुक्यातच फोटो काढलेत?”

“धुकं नाही गं, निगेटिव्ह स्पेस आहे ती.”

मुलगी खवचट. तिच्यासाठी तो छायाचित्रकार हॅरी कॅलाहनला मदतीला बोलावतो. कॅलाहनने १९५० मध्ये शिकागोत बर्फातली झाडं टिपली. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघा, बाकी काही नाही. “त्याच्याकडे लाइटरूम होतं?” मुलगी विचारते. “छे, ते २००७ मध्ये आलं,” हा प्रामाणिकपणे सांगतो. टोमणा डोक्यावरून गेलेला असतो.

पण मुलीचं चुकत नाही. या चित्राचं खरं काम लाइटरूम नव्हे, आकाश करतं. ढगाळ दिवशी आकाश झाडापेक्षा उजळ असतं. पानांचं एक्स्पोजर साधलं की ते आपोआप पांढरं पडतं. निळं आकाश मात्र स्लायडरने पुसावं लागतं आणि फांद्यांभोवती फिकट किनार उरते. ती दिसली की खुशाल समजावं, स्वारी लख्ख उन्हात गेली होती.

प्रिंटची तर वेगळीच गंमत. आठ बिटच्या फाइलमध्ये शुद्ध पांढरा म्हणजे २५५, आणि तिथे प्रिंटर शाईच सोडत नाही. अर्धा कागद कोरा, पैसे मात्र पूर्ण! जाणते लोक पांढरा २५०च्या आसपास थांबवतात आणि कडेला बारीक रेघ ओढतात, नाहीतर फोटो संपला कुठे आणि भिंत सुरू झाली कुठे, ते पाहुण्यांना कळत नाही.

असा फोटो तुमच्या फॅमिली ग्रुपवर आला तर ‘पूर्ण डाउनलोड झाला नाही’ असं लगेच लिहू नका. फोनचा ब्राइटनेस जरा उतरवून बघा, बारीक फांद्या दिसतील. आवडलाच तर त्या दिवशी आभाळ कसं होतं एवढंच विचारा. स्लायडरचं विचारलंत, तर रात्रीचं जेवण तिथेच होईल.