चौदा रकाने, तेहतीस गोपद्मे

'सहेतुक जगणे' हा शब्दप्रयोग मराठीत अलीकडेच रुळू लागला असून, आपण जे काही करतो ते सवयीने, भिडेखातर किंवा समोर आले म्हणून न करता आधी ठरवून आणि त्यामागचे कारण ओळखून करावे, असा त्याचा ढोबळ अर्थ सांगितला जातो. व्यवहारात या जीवनपद्धतीची चार अंगे दिसून येतात: पहाटे पाचचा गजर, रंगीत पेनांनी आखलेली वही, पावले मोजणारे मनगटी घड्याळ आणि या तिन्हींबद्दल भेटेल त्याला सांगत सुटणे. चौथ्या अंगाचा उल्लेख या विषयावरील पुस्तकांत सहसा येत नाही. परंतु त्याच्या आधाराशिवाय पहिली तीन पंधरवडाभरही तग धरत नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे स्वानुभवावर आधारलेले मत आहे. 'प्रस्तुत लेखक' ही संज्ञा येथे मुद्दाम योजली आहे, कारण ज्या गृहस्थाने २०२३ हे संपूर्ण वर्ष आत्मोन्नतीला वाहून घेतले, त्याच्यापासून चार हात लांब राहणे सदर मजकूर लिहिणाऱ्याला सोयीचे वाटते.

वहीची कल्पना नवी नाही. बेंजामिन फ्रँकलिन (१७०६–१७९०) याने आत्मचरित्रात १३ सद्गुणांची यादी दिली असून, दर आठवड्याला एका गुणावर विशेष लक्ष द्यावयाचे, जेथे चूक होईल तेथे त्या गुणापुढील चौकोनात काळा ठिपका द्यावयाचा आणि १३ आठवड्यांचे हे आवर्तन वर्षातून चारदा पुरे करावयाचे, अशी त्याची पद्धत होती. मूळ यादी १२ गुणांचीच होती. लोक तुला गर्विष्ठ समजतात, असे एका क्वेकरपंथीय मित्राने सांगितल्यावर 'नम्रता' हा तेरावा गुण तीत दाखल झाला. प्रस्तुत लेखकाने आपल्या वहीत १४ रकाने आखले, आणि फ्रँकलिनपेक्षा एक अधिक हा निव्वळ योगायोग आहे, असे किमान सहा जणांना, त्यांनी विचारलेले नसताना, सांगितले. आणखी एक फरक नोंदवण्याजोगा आहे. फ्रँकलिन चुका टिपत असे. लेखक यश टिपत असे, त्यामुळे त्याची वही अधिक आनंददायी दिसे. वर्षअखेरीस पाहता १४ पैकी १३ रकाने मार्चनंतर विरळ होत गेलेले आढळतात. 'नम्रता' हा रकाना मात्र १ जानेवारीपासून ३१ डिसेंबरपर्यंत अखंड भरलेला आहे, कारण त्या विषयाचा परीक्षक लेखक स्वतःच होता आणि वेळ वाचावा म्हणून तो दर महिन्याच्या पहिल्याच तारखेला संपूर्ण महिन्याची नम्रता आगाऊ भरून ठेवीत असे.

उरलेल्या रकान्यांचा वृत्तांत थोडक्यात असा. 'वाचन' या रकान्यात ५२ पुस्तकांचे उद्दिष्ट होते आणि ते पूर्णही झाले. परंतु नोव्हेंबरनंतरच्या नोंदींत पुस्तकांची जाडी झपाट्याने घटत जाते, आणि शेवटच्या तीन पुस्तकांत एक आरतीसंग्रह, एक रेल्वेचे वेळापत्रक व एक मिक्सरची माहितीपुस्तिका यांचा समावेश होतो. 'एकाग्रता' या रकान्यासाठी पोमोदोरो पद्धत स्वीकारली होती. फ्रान्सेस्को सिरिलो या इटालियन गृहस्थाने विद्यार्थिदशेत, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या गजरावर २५ मिनिटे लावून अभ्यास करण्याची युक्ती काढली, आणि इटालियन भाषेत टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात म्हणून तिला हे नाव पडले. लेखकाच्या घरी असा टोमॅटो नसल्यामुळे त्याने कुकरच्या शिट्ट्यांवर वेळ मोजण्याचा प्रयोग केला; तथापि तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करणे हे नेमके कोणाचे काम, या प्रश्नावर एकाग्रता वारंवार भंगत गेली आणि डाळही दोनदा करपली. पहाटे उठून जगण्याचा हेतू शोधणाऱ्या माणसाने घंटागाडी आली की ओला-सुका कचरा खाली नेऊन देणे हे सहेतुक जगण्यात मोडते की नाही, असा एक तात्त्विक प्रश्न पत्नीने फेब्रुवारीत उपस्थित केला होता. त्याचे उत्तर वहीत नाही.

पावलांचे प्रकरण याहून लाजिरवाणे आहे. रोज १०,००० पावले हे माप वैद्यकशास्त्रातून आले, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पावले मोजणाऱ्या उपकरणाचे नाव 'मानपो-केई', म्हणजे 'दहा हजार पावलांचा मापक', असे होते आणि तो गोल आकडा तेथून जगभर पसरला. हे सर्व ठाऊक असूनही, रात्री साडेअकराला घड्याळ ९,४०० दाखवत असल्यास, सोफ्यावर बसल्या बसल्या उजव्या हाताने डावे मनगट हलवून उरलेली सहाशे पावले पूर्ण करण्याचे कौशल्य लेखकाने त्या वर्षी कमावले. वर्षभरात निर्विवादपणे कमावलेले कौशल्य हे एवढेच.

येथे विषयांतर करणे आवश्यक आहे. आवश्यक नसते तरीही ते केले गेले असते, कारण त्या विषयाचे लेखकाला वेड आहे. ठरवून जगण्याची, त्याची नोंद ठेवण्याची आणि शेजारणीला ती सांगण्याची एक परिपूर्ण व्यवस्था मराठी घरांत पूर्वापार असून तिला व्रत किंवा बोलीत 'नेम' म्हणतात. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतचे चार महिने म्हणजे चातुर्मास हा या नेमांचा हंगाम होय. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात व्रतांची जी लांबलचक यादी दिली आहे ती चाळली असता, माणसाने स्वतःला वळण लावण्यासाठी काय काय म्हणून करून पाहिले नाही, असा प्रश्न पडतो. व्रताच्या आरंभी 'संकल्प' सोडावा लागतो, म्हणजे कोण, कोठे, कोणत्या तिथीला, कशासाठी हे करणार हे पाणी सोडून सांगावे लागते. त्यात जंबुद्वीप, भरतवर्ष, गोदावरीचा दक्षिण तीर इथपासून पत्ता इतका तपशीलवार येतो की कुरिअरवाला चुकू नये. परंतु लेखकाला या व्यवस्थेचे खरे कौतुक वाटते ते संकल्पासाठी नव्हे, तर तिने माणसाच्या नालायकीची जी आगाऊ तरतूद करून ठेवली आहे तिच्यासाठी.

या तरतुदींपैकी सर्वांत रसाळ म्हणजे कांदेनवमी. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य, म्हणून एकादशीच्या दोन दिवस आधी, आषाढ शुद्ध नवमीला, कांद्याची भजी, कांद्याची थालीपिठे, भरले कांदे, कांदेपोहे असा चार महिन्यांचा कांदा एका दिवसात रिचवण्याचा हा सण होय. संयमाची सुरुवात अजीर्णाने करावी, हे धाडस कोणत्याही आत्मविकासाच्या पुस्तकाला झालेले नाही. दुसरी तरतूद 'उद्यापना'ची: नेम ठरलेली वर्षे पाळला की ब्राह्मण-सवाष्ण जेवू घालून, दान देऊन तो रीतसर संपवता येतो, म्हणजे चांगली सवय लाज न वाटता सोडण्याचा हा शास्त्रशुद्ध मार्ग आहे. फोनमधील सवयींच्या ॲपला उद्यापन ठाऊक नाही. ते माणसाला मरेपर्यंत रोज रात्री नऊला विचारत राहते. तिसरी तरतूद अधिक मासाची. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचे असल्याने दरवर्षी ११ दिवसांची तूट येते, आणि ती साचत गेली की साधारण ३२-३३ महिन्यांनी पंचांग एक अख्खा महिना जास्तीचा घालून हिशेब जुळवते. आकाशातल्या चंद्र-सूर्यांचाही मेळ बसत नाही, हे ज्या पंचांगाने मान्य केले, त्याच्या शेजारी एक दिवस चुकला की 'मालिका खंडित' असे लाल अक्षरांत बजावणारे ॲप फारच पोरकट दिसते. चौथी तरतूद 'प्रतिनिधी'ची: व्रत करणारा आजारी पडल्यास पुत्र, भाऊ, बहीण, पुरोहित इत्यादींपैकी कोणी ते त्याच्या वतीने करू शकतो आणि व्रत मोडत नाही.

ही व्यवस्था सोवळी होती, असा याचा अर्थ नव्हे. लेखकाच्या आत्याने, वय ७८, आयुष्यभर चातुर्मासात एक भाजी सोडली, आणि आवडती वस्तू सोडावी असा दंडक असताना ती भाजी दरवर्षी दुधी भोपळाच निघाली. दुधी तिला एरवीही आवडत नसे. याबाबत छेडले असता, देवाला भाज्यांतले फार कळत नाही, असे तिचे म्हणणे पडे. तिचा दुसरा नेम मात्र कडक होता: चातुर्मासात रोज पहाटे देवापुढे रांगोळीची ३३ गोपद्मे, म्हणजे गाईच्या खुरांच्या छोट्या आकृत्या. या व्रताचे पाच वर्षांनी उद्यापन करतात; ते करूनही तिने काढणे थांबवले नव्हते. बाजारात मिळणाऱ्या ठशाला ती हात लावीत नसे.

२०२३ मध्ये श्रावण अधिक आला, १८ जुलै ते १६ ऑगस्ट, आणि चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. त्याच अधिक मासात आत्या न्हाणीघरात घसरून पडली आणि खुब्याचे हाड मोडले.

शस्त्रक्रिया दुपारची ठरलेली ती चारला सुरू झाली. आत नेण्यापूर्वी तिने लेखकाला जवळ बोलावून दोन गोष्टी सांगितल्या: किल्ली तांदळाच्या डब्यात आहे, आणि उद्याची गोपद्मे तू काढ. त्यानंतर शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या बोळात, पाण्याच्या यंत्रापासून जिन्यापर्यंत आणि जिन्यापासून पाण्याच्या यंत्रापर्यंत, लेखक चालत राहिला. दारावरचा लाल दिवा चालू होता. पावणेपाचच्या सुमारास मनगट थरथरले, घड्याळाच्या पडद्यावर रंगीबेरंगी आतषबाजी उडाली आणि आजचे लक्ष्य गाठल्याबद्दल अभिनंदन करण्यात आले. बाकावर बसलेल्या एका अनोळखी बाईंनी ती आतषबाजी पाहिली आणि मान दुसरीकडे वळवली. त्या यंत्राचा जितका राग त्या क्षणी आला तितका वर्षभरात कोणाचाही आला नव्हता; त्याला चालणे कळत होते आणि चालण्याचे कारण कळत नव्हते, आणि इतके महिने हेच यंत्र लेखकाने मोठ्या अभिमानाने लोकांच्या नाकासमोर धरले होते. ते फोडावेसे वाटले, परंतु वॉरंटी शिल्लक असल्याने खिशात ठेवले. तेथेही ते मोजत राहिले. रात्री बारापर्यंत २१,३०० पावले झाली. वर्षातला हा उच्चांक आहे. वहीत त्या तारखेखाली बाकी सर्व चौकोन कोरे आहेत, आणि एका कोपऱ्यात आगाऊ भरलेली नम्रता आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, गजराविना, लेखक आत्याच्या घरी पोहोचला. गोपद्म काढणे दिसते तितके सोपे नसते. चिमटीतून रांगोळी सोडून दोन थेंब एकमेकांना टेकवल्यासारखी आकृती यावी लागते. लेखकाच्या हातून पहिली दहा बदकाच्या पायांसारखी उमटली, पुढची काहीशी बुटासारखी, आणि विसाव्यानंतर कोठे गाय त्या घरातून गेली असावी असा संशय घेण्यास जागा झाली. काम संपल्यावर त्याने फोनवर छायाचित्र काढले. आत्याला दाखवावे हा हेतू होताच. टेकडीवर फिरायला येणाऱ्या मंडळींच्या फोनवरील ग्रुपवरही टाकावे, हा दुसरा हेतू नव्हता असे म्हणता येणार नाही.

नऊच्या सुमारास आत्या नीट शुद्धीवर आली. पहिला प्रश्न वेदनेचा किंवा डॉक्टरांचा नव्हता.

"किती काढलीस?"

"तेहतीस."

तिने फोन मागितला, चष्मा मागितला, आणि सलाईन नसलेल्या हाताच्या बोटाने पडद्यावरची एकेक आकृती मोजू लागली. मोजणी दोनदा झाली. एकतीस भरली. लेखकाने परत जाऊन उरलेली काढण्याची तयारी दर्शवली असता तिने, आता बस, अशा अर्थी हात हलवला आणि रुग्णालयाच्या हिरव्या चादरीवर, मांडीशेजारच्या रिकाम्या जागेत, बोटाने दोन गोपद्मे काढली, एकाला लागून एक, सुबक. चादरीवर अर्थातच काही उमटले नाही.

"झाली," ती म्हणाली, आणि डोळे मिटले.

थोड्या वेळाने चादर बदलायला आलेल्या मावशींना तिने दुपारपर्यंत हात लावू दिला नाही.