चिरंजीवांचे आसन

रशियातील एका तरुण मोटारशर्यतपटूच्या उत्कर्षाची हकीकत ज्याने वाचली, त्याने त्या देशातील सर्वच तरुण मोटारशर्यतपटूंच्या हकीकती वाचल्या असे मानण्यास प्रत्यवाय नाही. पाचव्या वाढदिवशी तीर्थरूपांनी चिरंजीवांना कार्ट भेट दिली. चिरंजीवांनी पहिल्याच वळणावर जाणकारांना थक्क केले. रशियातील हिवाळा लांबलचक आणि तेथील ट्रॅक कित्येक महिने बर्फाखाली, सबब कुटुंबाने मोठा त्याग करून इटलीत लोनातो किंवा सार्नो या कार्टिंगच्या क्षेत्राजवळ बिऱ्हाड केले. पंधराव्या वर्षी फॉर्म्युला ४, आणि मग काय विचारता! नावे बदलतात, गावे बदलतात, मजकूर मात्र अढळ राहतो. तीर्थरूप काय करतात, हा प्रश्न ‘उद्योजक’ या एका शब्दात निकालात निघतो आणि हकीकत घाईघाईने पुढच्या वळणाकडे वळते. या मजकुराला आमची हरकत नाही. पोरांची चरित्रे अशीच लिहिली जातात व बापांच्या खर्चाने छापली जातात. आमची हरकत आहे ती शेवटून दुसऱ्या परिच्छेदात हमखास येणाऱ्या एका विधानाला, आणि ते विधान असे की, येत्या मोसमासाठी चिरंजीवांनी फॉर्म्युला ३ मधील आसन स्वकर्तृत्वाने मिळविले आहे.

हे आसन म्हणजे काय पदार्थ आहे, ते वाचकांनी एकदा जवळून पाहावे. दुरून पाहणाऱ्यास वाटते की, एवढ्या मोलाच्या गाडीत एखादी उत्तम कातडी खुर्ची बसविलेली असेल. तशी ती नसते. गाडीच्या पोटात कार्बन फायबरची जी अरुंद पन्हळ असते, तीत प्रथम प्लास्टिकची एक मोठी पिशवी पसरतात, ज्या जातीच्या पिशवीत आपण केरकचरा भरतो त्याच जातीची. त्या पिशवीवर चिरंजीव उताणे होतात, पाय जवळजवळ कमरेच्या उंचीला, गुडघे किंचित मुडपलेले, हात स्टिअरिंगवर, मस्तकी शिरस्त्राण. आणि मग दोन द्रवांचे मिश्रण त्यांच्या पाठीमागे पिशवीत ओततात. मिश्रण फसफसते, फुगते, चांगलेच तापते, आणि तेवढा वेळ चिरंजीवांनी तपस्व्यासारखे निश्चल पडून राहावयाचे असते, कारण या घटकेला जी हालचाल होईल ती मोसमभर पाठीला टोचत राहील. काही मिनिटांत फेस कठीण होतो. दोन माणसे काखेत हात घालून चिरंजीवांना उपटून काढतात, वाढीव फेस सुरीने तासतात, वरून चिकटपट्टी गुंडाळतात, आणि आसन सिद्ध होते. म्हणजे ज्याच्या संपादनाची वार्ता छायाचित्रासह प्रसिद्ध होते, ज्याबद्दल प्रायोजकांचे आभार मानले जातात आणि ज्यासाठी आजीबाई डोळे पुसतात, ते आसन, निव्वळ वस्तुरूपाने सांगावयाचे तर, चिरंजीवांच्या पार्श्वभागाचा ठसा होय.

हा ठसा फॉर्म्युला ४ मध्ये उमटवावयाचा तर एका मोसमास कित्येक लाख युरो मोजावे लागतात. फॉर्म्युला ३ मध्ये दहा लाखांच्या पुढे. फॉर्म्युला २ मध्ये वीस ते तीस लाखांच्या दरम्यान. फेसाचे दोन डबे आणि केराची एक पिशवी यांची किंमत आम्ही यातून वजा करू इच्छितो, परंतु तिने हिशोबात फरक पडेल असे दिसत नाही. यावर कोणी म्हणेल की, रक्कम गाडीची आहे. तर तेही नाही; कारण या तिन्ही पायऱ्यांवर प्रत्येक मालिकेत सर्वांच्या गाड्या एकाच घडणीच्या असतात, आणि वरच्या पायऱ्यांवर तर इंजिनांना मोहोर लावलेली असते. चांगली गाडी विकत घेता येऊ नये, केवळ चालकाचे गुण दिसावेत, हा या व्यवस्थेचा उदात्त हेतू आहे, आणि तो वाचताना आमचेही डोळे पाणावतात. गाडी विकत घेता येत नसल्याने तीर्थरूप चांगल्या संघातील जागा विकत घेतात, म्हणजेच टायर किती तापवावे आणि कोणत्या वळणाआधी किती हातांवर ब्रेक दाबावा हे कानात सांगणारा मुरलेला इंजिनिअर, दिवसभर चालणारा सिम्युलेटर, आणि जुन्या पिढीच्या गाडीतून सरावाचे जादा दिवस. समान संधीचे तत्त्व येणेप्रमाणे अबाधित राहते.

आमच्या एसटीच्या स्थानकावर गाडी फलाटाला लागते न लागते तोच बाहेरूनच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा एक वर्ग पूर्वापार आहे. हा गृहस्थ रांगेत नसतो, तो खिडकीखाली असतो. आणि जो इसम रीतसर दाराने चढतो, धक्के खातो, वाहकाने हाक मारण्यापूर्वीच सुटे पैसे काढून ठेवतो, तो त्या रुमालाकडे पाहत साताऱ्यापर्यंत उभा राहतो. हा उभा राहणारा इसम आम्ही स्वतः असल्यामुळे या विषयावर आम्ही निःपक्षपाती आहोत असा दावा करीत नाही. रुमाल काढून खाली ठेवण्याचे धैर्य ज्याच्या अंगी आहे असा एकही नागरिक आम्हांस आजवर आढळलेला नाही. जणू त्या चुरगळलेल्या चौकोनावर सरकारचा शिक्का आहे. वाहकाकडे दाद मागावी तर तो तिकिटांच्या हिशोबात गढलेला, सहप्रवाशांकडे पाहावे तर त्यांचेही रुमाल. तथापि एक गोष्ट न्यायाने नमूद केली पाहिजे. एसटीत रुमाल टाकणाऱ्या कोणत्याही गृहस्थाने घरी पोचल्यावर, आपण सदरहू जागा स्वकर्तृत्वाने मिळविली, असे निवेदन काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तेवढी लाज आमच्या मुलखात शिल्लक आहे.

पुनः आसनाकडे वळू. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा म्हणजे वाढते झाड. मोसम मध्यावर येईतो चिरंजीव दोन बोटे उंच होतात, खांदे रुंदावतात, ठसा चावू लागतो, आणि नवीन पिशवी, नवीन फेस. पायरी बदलली की नवीन फेस. संघ बदलला की नवीन फेस. आणि समजा, तीर्थरूपांचा हप्ता वेळेवर पोचला नाही, तर एका शुक्रवारी सकाळी जुने आसन गाडीतून निघते आणि त्याच पन्हळीत दुसऱ्या कोणा तीर्थरूपांचे दुसरे चिरंजीव पिशवी पसरून उताणे झालेले असतात. पहिल्या आसनाचा तर उपयोगही कोणास होत नाही, कारण ते जगातल्या एकाच पाठीला बसणारे असते. या रीतीने फॉर्म्युला ३ मधील तीस आणि फॉर्म्युला २ मधील बावीस जागा मोसमागून मोसम भरल्या व ओतल्या जातात. त्यांच्या माथ्यावर, ज्यासाठी हा सर्व फेस, त्या अंतिम, म्हणजे फॉर्म्युला १ च्या, पंक्तीत वीस-बावीस पाने मांडलेली, आणि तेथे बसलेल्यांतील काही तर पंधरा वर्षे उठत नाहीत. हे गणित तिसरीतल्या मुलासही सुटेल. उद्योजकास ते का सुटत नाही हे आम्ही अनेकदा मनास विचारून पाहिले. सुटत असावे. चिरंजीवांना घरी कोण सांगणार?

विजयांचे काय, असे विचारणारा वाचक असेलच. विजय आहेत. फॉर्म्युला ३ मध्ये आठवडाअखेरच्या दोन शर्यतींपैकी छोट्या शर्यतीत पात्रताफेरीतील पहिले बारा क्रमांक उलटे करून गाड्या उभ्या करतात, म्हणजे जो सर्वांत वेगवान ठरला तो बारावा उभा राहतो आणि जो बारावा ठरला तो पहिला. प्रेक्षकांचे मनोरंजन व्हावे म्हणून ही योजना आहे, व ते होतेही. पण बाराव्या क्रमांकाच्या बळावर पहिल्या स्थानावरून सुटून चिरंजीव जेव्हा पहिले येतात, तेव्हा पहिल्या रांगेत आपण कसे पोचलो हा तपशील चरित्रलेखकाच्या लेखणीतून कसा कोण जाणे, निसटतो.

मग त्या अंतिम पंक्तीत बसण्यासाठी लागणारा सर्वोच्च परवाना. त्यासाठी तीन मोसमांच्या हिशोबात ४० गुण साठवावे लागतात: फॉर्म्युला २ चा विजेता ते एका वर्षात मिळवितो, फॉर्म्युला ३ च्या विजेत्यास ३०, फॉर्म्युला ४ च्या विजेत्यास १२. शिवाय संपूर्ण मोसमात एकही दंडगुण न घेणाऱ्यास सद्वर्तनाचे २. केवळ सभ्यपणावर परवाना काढावयाचा झाल्यास वीस मोसम लागतील, आणि हिशोबात धरतात तीनच. सबब सभ्यपणावर विसंबून कोणी राहत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत युरोप गारठलेला असताना दुबई आणि अबू धाबी येथे काही आठवड्यांच्या मालिका भरतात, तेथेही गुण मिळतात. तेथेही आसन लागते. तेथेही फेस.

२०२२ च्या मार्चपासून या कुमारांच्या मागे एक नवीनच उपाधी लागली. त्यांच्या देशाच्या सैन्याने शेजारच्या देशात प्रवेश केल्यावर असा दंडक झाला की, रशियन परवान्याचा चालक आंतरराष्ट्रीय शर्यतीत धावेल तर तटस्थ म्हणून: पोशाखावर ध्वज नाही, जिंकल्यास राष्ट्रगीत नाही. सोची येथे २०१४ पासून दरसाल होणारी मोठी शर्यत त्या वर्षी रद्द झाली, आणि २०२३ पासून ती सेंट पीटर्सबर्गजवळच्या नव्या ट्रॅकवर नेण्याचा बेतही कागदावर राहिला. काहींनी अन्य देशांचे परवाने घेतले. काहींच्या नावापुढचा चौकोन पांढरा राहिला. तेव्हापासून उत्कर्षाच्या हकीकतीत एक करुण परिच्छेद वाढला आहे. चिरंजीव विजयमंचावर उभे आहेत, आणि त्यांचे राष्ट्रगीत वाजत नाही. चिरंजीव ओठ आवळून उभे राहतात. लेखकाचा कंठ दाटतो. ध्वज उतरला, गीत थांबले, पण आसन मात्र जागच्या जागी राहिले, याचा उल्लेख कोणी करीत नाही. हप्ते कोणत्या वाटेने पोचतात, हे विचारणे तर शिष्टसंमत नाहीच.

येथे आम्हांस हसू आवरते घ्यावे लागते. त्या सर्वोच्च परवान्याची किमान वयोमर्यादा सामान्यतः १८ वर्षे आहे. चिरंजीवांच्या देशात वयाची १८ वर्षे पुरी झालेल्या मुलाच्या नावाने आणखी एक कागद निघतो, तो सैन्यभरतीच्या कचेरीचा. आणि त्याची वरची मर्यादा २०२४ पासून २७ वरून ३० वर नेली आहे, म्हणजे तो कागद चुकविण्यासाठी आता तीन वर्षे अधिक लपावे लागते. २०२२ च्या सप्टेंबरात तीन लाख राखीव सैनिकांना बोलावण्याचे फर्मान सुटले, तेव्हा बुर्यातियासारख्या दूरच्या गरीब मुलखांतून माणसे बसगाड्यांत भरभरून नेली. त्यांना जी जागा मिळाली ती कोणी त्यांच्या मापाने ओतली नव्हती. त्यांच्या आयांनी पादत्राणे, औषधे, झोपण्याच्या पिशव्या आपल्या पैशाने विकत घेऊन दिल्याच्या वार्ता त्याच वृत्तपत्रांत आल्या, ज्यांच्या शेवटच्या पानावर विजयमंचावरील मौनाचे दुःख छापले होते. एका पोराचे गीत वाजले नाही म्हणून ज्यांना हुंदका येतो आणि दुसरे पोर परत आले नाही म्हणून ज्यांना एक ओळही सुचत नाही, अशा लेखण्या मोडून चुलीत घातल्या पाहिजेत, आणि हे वाक्य आम्ही थट्टेने लिहिलेले नाही.

चिरंजीवांवर आमचा राग नाही. ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास धावणाऱ्या गाडीत, पुढच्या चाकाला चाक घासत, मोंझाच्या पहिल्या वळणात तीस जणांच्या घोळक्यासह शिरावयास छाती लागते. ती त्यांच्यापाशी आहे, आणि छाती कोणताही संघ युरोच्या दराने विकत नाही. कित्येकांपाशी वेगही आहे. पण वेग किती आहे हे समजावे कसे, जर त्यांच्याशी तुलना करावयास उरले ते सर्व दुसऱ्या तीर्थरूपांचेच चिरंजीव असतील? स्मोलेन्स्कला किंवा कझानला कार्टिंगमध्ये त्यांच्या पुढे असणारा, गॅरेजातल्या कामगाराचा एखादा मुलगा असणारच. तेराव्या वर्षी त्याच्या बापाने एक संध्याकाळ कागद-पेन्सिल घेऊन हिशोब केला, आणि दुसऱ्या दिवशी कार्ट विकली. त्याच्याशी शर्यत झालीच नाही. जी झाली तिच्या निकालाला उत्कर्ष म्हणतात.

क्रीडावृत्ताच्या संपादकांस आमची एवढीच विनंती आहे की, निकालाच्या तक्त्यात क्रमांक, चालक, संघ आणि वेळ यांच्या जोडीला आसनाच्या दराचा एक रकाना वाढवावा. रकाना जरा रुंद ठेवावा; फॉर्म्युला ३ पासून पुढे आकडा सात अंकी आहे.