टार्पनची मोहीम, मुक्काम अर्नाळा

मनुष्यप्राण्याने स्वकष्टार्जित द्रव्य खर्चून देहदंड विकत घेण्याचे जे नानाविध प्रकार शोधून काढले आहेत, त्यांत अमेरिकेच्या फ्लोरिडा प्रांती चालणाऱ्या टार्पन नामक मत्स्याच्या शिकारीस बरेच वरचे आसन द्यावे लागेल. हा मासा सात-आठ फुटांपर्यंत वाढतो. त्याचे खवले तळहाताएवढे व रुप्याप्रमाणे लखलखीत असल्यामुळे त्यास तिकडे ‘रुपेरी राजा’ अशी पदवी आहे. आणि अंगी काट्यांची समृद्धी इतकी की तेथे तो सहसा कोणी खात नाही. तथापि बोका ग्रांडे नावाच्या खाडीमुखाशी दरसाल मे-जूनच्या सुमारास प्रतिष्ठित गृहस्थ शेकडो डॉलर मोजून, परवानाधारक कप्तानाची नौका अर्ध्या दिवसाच्या बोलीने ठरवून, गळास जिवंत खेकडा टोचून, भर उन्हात तिष्ठत बसतात. मासा गळास लागला की तो पाण्याबाहेर पुरुषभर उसळी घेतो, आणि नेमक्या त्या क्षणी शिकाऱ्याने कमरेत वाकून त्यास मुजरा करावयाचा असतो, कारण वाकल्याने दोरी सैल पडते व तुटत नाही. पुढे घटका-दोन घटका झुंज देऊन हा राजा नौकेशी आणला म्हणजे, चाळीस इंचांहून लांब टार्पन पाण्याबाहेर उचलण्यास तेथील सरकारची मनाई असल्यामुळे, तो पाण्यात व आपण नौकेत अशा अवस्थेत छायाचित्र काढवून त्याची सन्मानपूर्वक मुक्तता करावयाची आणि रिकाम्या हातांनी, परंतु कृतार्थ अंतःकरणाने, घरी परतावयाचे. 1885 साली डब्ल्यू. एच. वुड नामक गृहस्थाने हा मासा दांडी-गळाने पकडून दाखविला, तेव्हापासून या व्यसनाची तिकडे जी वाढ झाली ती अद्याप ओसरलेली नाही.

या व्यसनाशी माझा संबंध भाच्यामार्फत आला. तो टँपा शहरी नोकरीस असून, नाताळच्या सुटीत स्वदेशी येण्यापूर्वी त्याने मला सविस्तर कलमबंद पत्र धाडले. टार्पनचा एक धाकटा बंधू हिंदी महासागरात आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून पूर्वेकडील बेटांपर्यंत सर्वत्र नांदतो, खाड्यांच्या मुखांशी व तिवरांच्या गचपणात त्याचा विशेष संचार असतो, सबब मामाने कोकणपट्टीवर एखादी नौका व जाणता वाटाड्या मुक्रर करून ठेवावा, असा त्या पत्राचा मतलब होता. हा धाकटा बंधू बहुधा हात-दीड हाताच्या पुढे जात नाही, ही गोष्ट त्याने शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरांत घातली होती.

स्थळाची निवड मी अर्नाळ्याची केली, व तीमागे इतिहासाचा आधार होता. टार्पनचा जागतिक विक्रम, म्हणजे एकशे तीस किलोंचा मासा, 2003 साली पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाव येथे नोंदला गेला. हा मुलूख 1974 पर्यंत पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. अर्नाळ्याचे बेटही 1737 पर्यंत पोर्तुगीजांच्याच अमलाखाली होते. जेथे जेथे फिरंग्यांनी मुक्काम केला तेथे तेथे पाव, काजू आणि मिरची मागे ठेवली हे सर्वविश्रुत आहे. एखादा मासा का ठेवला नसावा? शिवाय वैतरणा नदी तेथेच समुद्रास मिळते, म्हणजे खाडीमुखाचे कलमही पुरे होत होते.

विरार स्थानकाच्या पश्चिमेस मोटार पकडून बोळिंज व आगाशीवरून अर्नाळ्यास जावे लागते. आगाशीस सुकेळी घेतल्यावाचून पुढे जाणे हा त्या गावाचा उपमर्द होय असे माझे मत असल्याने तेथे थोडा कालक्षेप झाला. अर्नाळ्याचा किनारा सुरूच्या झाडांनी शोभिवंत असून, त्या झाडांच्या सावलीस शनिवारी-रविवारी मुंबापुरीचे नागरिक जे संगीत लावतात ते ऐकून कोणताही स्वाभिमानी मासा त्या बाजूस फिरकणार नाही, हे मी तत्काळ ताडले व कोळीवाड्याच्या दिशेने पावले वळविली. तेथे मात्र निराळे राज्य होते. बांबूंच्या वलांडीवर बोंबलांच्या पांढऱ्या ओळी वाळत होत्या, खाली जवळा पसरला होता, आणि त्या सर्वांचा जो संयुक्त परिमळ वाऱ्यावर येत होता त्याचे वर्णन मी शाकाहारी वाचकांच्या भावना लक्षात घेऊन टाळतो.

तेथे जाळे सांधीत बसलेल्या एका तांडेलापुढे मी भाच्याचे पत्र उघडून वाचावयास लागलो. त्याची बोली माझ्या लेखणीस यथातथ्य उतरविता येणार नाही, म्हणून त्याची उत्तरे पुस्तकी भाषेत देतो; मात्र मूळ उत्तरे याहून आखूड होती. माशाचे छायाचित्र त्याने दूर धरून, मग जवळ धरून पाहिले, आणि असा मासा अधूनमधून खाडीत येतो परंतु काटेरी असल्यामुळे बाजारात त्यास कोणी विचारीत नाही, असा निर्वाळा दिला. “त्यापेक्षा रावस बघा, घोळ बघा, जिताडा बघा,” तो म्हणाला. “एवढ्या लांबून पोरगा येतोय, त्याला हे काटे कशाला?” रुपेरी माशाचेच वेड असेल तर सरंगा काय वाईट, असाही त्याचा सवाल होता, आणि महाराष्ट्र सरकारने 2023 साली याच पापलेटास राज्यमाशाचा किताब बहाल केलेला असल्यामुळे त्यावर मला उत्तर सुचले नाही. तिकडचा राजा कोणी खात नाही व इकडचा किताबधारी सर्वजण आवडीने खातात, एवढाच काय तो दोन राज्यव्यवस्थांतील भेद.

पत्रातील दुसऱ्या कलमाप्रमाणे पंचवीस डिसेंबर रोजी सकाळी ठीक आठ वाजता नौका सज्ज हवी होती. “तिथी कोणती?” तांडेलाने विचारले. तिथीचा उल्लेख पत्रात नव्हता. तेव्हा त्याने मला जे गणित समजावून दिले ते इतके सोपे आहे की शाळेत का शिकवीत नाहीत याचे नवल वाटते. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, तो भरतीचा तास. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. आणि त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, पाण्यास ओढ असते, आणि त्या ओढीवरच डोल जाळ्याचा सगळा कारभार चालतो: समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेल्या या लांबलचक पिशवीच्या तोंडाशी आलेला बोंबील, अंधेरीस उतरण्याच्या इराद्याने विरार लोकलमध्ये शिरलेल्या उतारूप्रमाणे, केवळ मागच्या रेट्याने शेवटपर्यंत जातो. म्हणून उधाणाच्या दिवसांत तांडेलास राजेमहाराजेही भेटू शकत नाहीत. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी मंदावते, डोल लावण्यात अर्थ नसतो, होडी रिकामी असते. तेव्हा अमेरिकेच्या पाहुण्याने अष्टमीस यावे, पहाटे पाचला निघू, सहाला भरती. आठ वाजता निघालेली होडी उतरत्या पाण्यात चिखलावर बसेल आणि मग मासा नव्हे, पाहुणाच वाळत पडेल. हे त्याने वलांडीकडे बोट दाखवून सांगितल्यामुळे मला विशेष पटले.

मासा न मिळाल्यास काही रक्कम परत मिळेल काय, या कलमावर तो प्रथमच हसला. “दर्या काय माझ्या नोकरीला आहे?” एवढेच तो म्हणाला, व ते कलम बाद झाले.

खरी अडचण पकडलेला मासा सोडून देण्याच्या कलमापाशी आली. ते मी वाचून दाखविताच तांडेलाने सुई खाली ठेवली आणि हा विषय आपल्या अखत्यारीत येत नाही असे जाहीर केले. कोळीवाड्याचा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे: मासा पाण्यात असेतोवर पुरुषाचा, पाण्याबाहेर आला की बाईचा. त्याची निवड, प्रतवारी, भाव, विक्री आणि आलेल्या रकमेचा हिशेब हा सर्व कारभार कोळिणीच्या हाती असतो. त्यामुळे मुक्ततेचा अर्ज तिच्या दप्तरी दाखल करावा लागला. बाई बोंबील उलथीत होत्या. त्यांनी सर्व ऐकून घेतले, विचार करून सायंकाळी सांगते म्हणाल्या, आणि तोवर मी किल्ला पाहून यावा असे फर्माविले.

गुडघाभर पाणी तुडवीत होडीत चढून पलीकडच्या बेटावर उतरण्यास फारसा वेळ लागत नाही. किल्ल्याच्या महाद्वारावर हत्ती व वाघ कोरलेले असून, बाजीराव पेशव्यांच्या कारकिर्दीत किल्ला नव्याने बांधल्याचा व ते काम बाजी तुळाजी या स्थपतीने सिद्धीस नेल्याचा शिलालेख तेथे आहे. बांधकाम करणाऱ्याचे नाव दरवाजावर कोरण्याची ही रीत पुढे सरकारी बांधकाम खात्याने का सोडली असावी, याचा तर्क वाचकांनीच करावा. तटावर उभा राहून मी विचार केला की 1737 साली हा किल्ला हाती लागल्यावर मराठी फौजेने त्याच्यासह छायाचित्र काढवून, लांबी मोजून, तो सन्मानपूर्वक फिरंग्यांच्या स्वाधीन केला असता, तर दोन वर्षांनी चिमाजीअप्पांस वसई घेणे किती जड गेले असते! हाती आलेले सोडावयाचे नाही हा या किनाऱ्याचा जुना शिरस्ता आहे, आणि मी आणलेले कलम त्याच्या विरुद्ध होते.

सायंकाळी परतलो तो निकाल तयार होता. “मासा सोडायला आमची ना नाही,” बाई म्हणाल्या. “पण आधी विकत घ्यायचा, मग सोडायचा. विकलेला मासा गिऱ्हाइकाने खावा का पाण्यात टाकावा, हे आम्ही कधी विचारत नाही.” निकाल निर्दोष होता. मी फ्लोरिडाचा कायदा पुढे करून शंका काढली की मोठा मासा पाण्याबाहेर उचलता येत नाही, मग वजन कसे करणार? बाईंनी माझ्याकडे, वजनाचा काटा प्रथमच पाहणाऱ्या इसमाकडे पाहावे तसे पाहिले. “अंदाजाने,” त्या म्हणाल्या, “आणि अंदाज मी सांगेन.” त्या किनाऱ्यावर असणार आणि मासा भर समुद्रात, ही अडचण मी मांडली नाही. ज्यांनी जन्मभर पाटीतल्या माशाचे वजन दुरून सांगितले त्यांस ती अडचण वाटत नव्हती.

येणेप्रमाणे करार ठरला. होडीभाडे निराळे, मासा लागल्यास सोडण्यापूर्वी खरेदी, व भाव रावसाचा, कारण टार्पनचा भाव बाजारात नाही आणि ज्या जिन्नसास भाव नाही त्यास बाईंनी सर्वांत चांगला भाव लावला. भोजनात भाकरी व कोळंबीचे कालवण. मुजऱ्याचे कलम तांडेलाने आपण होऊन मान्य केले. पाहुण्याने होडीत कितीही वेळा वाकावे, फक्त एका कडेला वाकू नये. बयाणा बाईंनी मोजून घेतला, आणि पावती मागितल्यावर सुक्या बोंबलांची एक जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हाती दिली. तिचा अस्सलपणा परतीच्या प्रवासात संपूर्ण डब्याने मान्य केला.

भाच्यास मी हा तहनामा कळविला. त्याचे उलट उत्तर आले की मासा न सोडण्याचाही पर्याय ठेवावा, कारण कालवणाचा मजकूर त्याने पुन्हा पुन्हा वाचला आहे.

ज्या वाचकांस अशी हौस असेल त्यांनी पवईच्या तलावावर गळ टाकून बसणाऱ्या मंडळींकडे प्रथम हात साफ करून मग समुद्राकडे वळावे. अर्नाळ्यास जाताना इंग्रजी तारीख घरी ठेवून तिथी घेऊन जावे, व ती अष्टमीच्या अलीकडची-पलीकडची असावी. 1 जून ते 31 जुलै या मुदतीत यांत्रिक नौकांच्या मासेमारीस सरकारी बंदी असते, तेव्हा त्या दोन महिन्यांत कोणी टार्पनचे नाव काढू नये. आणि भावाची घासाघीस करावयाचीच असेल तर ती तांडेलाशी करावी. बाईंशी करू नये.